एक्सप्लेनर : ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ पुढे कुठे जाते? डबीवरच्या चार ओळी इतक्या निर्णायक का?

ऑपरेशन थिएटरचे दार अर्धे उघडते. सिस्टर बाहेर येतात, रुग्णाचे नाव पुकारतात आणि बाकावरून धावत आलेल्या नातेवाइकांसमोर ट्रे धरतात. ‘ही गाठ निघाली, बघून घ्या.’ कुणी मान डोलावते, कुणी मोबाइलवर फोटो काढते, दार पुन्हा बंद होते. परभणी, गंगाखेड, जिंतूर किंवा सेलू, हे दृश्य अनेकांनी पाहिलेले असते. ‘ऑपरेशन चांगले झाले’ एवढे ऐकले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

मात्र आजाराचे नाव त्या वेळी पक्के झालेले नसते. ते ट्रेमधल्या तुकड्यात दडलेले असते. गाठ साधी की कर्करोगाची, ती पूर्ण निघाली की काही भाग आत राहिला, पुढे केमोथेरपी लागेल की क्षयरोगाच्या गोळ्या, ही उत्तरे सूक्ष्मदर्शकाखाली मिळतात. त्यासाठी तो तुकडा योग्य अवस्थेत, योग्य नावाने आणि योग्य कागदासह प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो.

रक्त पुन्हा काढता येते, एक्स-रे पुन्हा काढता येतो. काढून टाकलेला अवयव मात्र पुन्हा काढता येत नाही. म्हणूनच टेबलावरून डबीत आणि डबीतून प्रयोगशाळेत जाणारी ही साखळी समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या फायद्याचे आहे.

‘नमुना’ म्हणजे नेमके काय?

शस्त्रक्रियेत शरीरातून काढलेली आणि तपासणीसाठी ठेवलेली कोणतीही गोष्ट म्हणजे नमुना. स्तनातील गाठ, गर्भाशय, पित्ताशय, अपेंडिक्स, मानेतील गाठीचा तुकडा, जिभेच्या जखमेचा लहानसा काप, पू, सांध्यातील पाणी, मुतखडा, अगदी शरीरात घुसलेली गोळी किंवा काच हाही नमुनाच.

काही वेळा वरवर साधे दिसणारे अवयवही तपासायला पाठवले जातात. खड्यांमुळे काढलेल्या पित्ताशयात कधी कधी अनपेक्षितपणे कर्करोग सापडतो. अपेंडिक्समध्ये छोटी अर्बुदे आढळतात. रक्तस्रावाच्या तक्रारीमुळे काढलेल्या गर्भाशयाच्या मुखाशी कर्करोग दडलेला असू शकतो. नमुना तपासायलाच गेला नाही, तर ही गोष्ट आजार पसरल्यानंतरच कळते.

टेबलावर पहिल्या काही मिनिटांत काय घडते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पालम तालुक्यातील ४५ वर्षांच्या महिलेचे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया सुरू आहे. सर्जन अवयव काढून स्क्रब नर्सच्या हाती देतात. त्याच वेळी तो काय आहे, कोणत्या बाजूचा आहे, हे मोठ्याने सांगतात : ‘गर्भाशय, गर्भाशयमुखासह, दोन्ही नलिका, डावे बीजकोश.’ स्क्रब नर्स तेच शब्द पुन्हा उच्चारतात. निर्जंतुक कपडे न घातलेल्या, बाहेरची कामे पाहणाऱ्या फ्लोअर नर्स ते ऐकून लिहितात. तिघांचे शब्द जुळले, तरच डबी भरायची.

हे बोलून दाखवणे शिष्टाचारापुरते नसते. मास्कमुळे आवाज अस्पष्ट असतो, मॉनिटरचा आवाज सुरू असतो, ‘डावे’ आणि ‘उजवे’ ऐकण्यात चूक होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची सुरक्षा यादी आणली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी असे तिचे तीन टप्पे आहेत. तिसऱ्या टप्प्यात नमुन्याच्या डबीवरचे लेबल, रुग्णाच्या नावासह, मोठ्याने वाचून दाखवावे असे स्पष्ट लिहिले आहे.

ही यादी आठ देशांतील आठ रुग्णालयांत वापरून पाहण्यात आली. त्यात नवी दिल्लीतील एक रुग्णालय होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार यादीच्या वापरानंतर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. हा परिणाम संपूर्ण यादीचा होता, केवळ लेबल वाचण्याचा नव्हे. पण नमुन्याचा मुद्दा त्या १९ मध्ये असणे, यातच त्याचे वजन कळते.

फॉर्मालिनच का?

शरीराबाहेर काढलेला तुकडा लगेच खराब होऊ लागतो. रक्तपुरवठा थांबतो, पेशी स्वतःच्याच रसायनांनी विरघळू लागतात, जंतू वाढतात. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणाऱ्या परभणीत हा वेग आणखी वाढतो. पेशी आहेत त्या स्थितीत ‘गोठवून’ ठेवण्याचे काम फॉर्मालिन करते.

बाजारात मिळणारे तीव्र फॉर्मालिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचे साधारण ३७ ते ४० टक्क्यांचे द्रावण. त्याच्या एका भागात नऊ भाग पाणी आणि आम्लता स्थिर ठेवणारे क्षार मिसळले की ‘१० टक्के फॉर्मालिन’ तयार होते. नमुना ठेवण्यासाठी हेच वापरतात.

इथे दोन गणिते महत्त्वाची ठरतात. पहिले प्रमाणाचे : नमुन्याच्या आकारमानाच्या किमान दहापट फॉर्मालिन हवे. मूठभर गर्भाशय घट्ट बसेल अशा डबीत कोंबून वर दोन चमचे द्रावण ओतले, तर ते पुरत नाही.

दुसरे गणित वेगाचे. फॉर्मालिन ऊतीत सुरुवातीला तासाला साधारण एक मिलिमीटर शिरते आणि जसजसे आत जाते तसतसा वेग मंदावतो. म्हणजे दहा सेंटिमीटर व्यासाच्या गाठीच्या मध्यापर्यंत, म्हणजे पाच सेंटिमीटर आत पोहोचायला याच वेगाने धरले तरी ५० तास लागतील, प्रत्यक्षात त्याहून जास्त. तोपर्यंत बाहेरचा भाग टिकतो आणि आतला कुजतो. म्हणून मोठे अवयव ठरावीक पद्धतीने छेद देऊन ठेवावे लागतात. तो छेद कुठे द्यायचा, हे सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी आधीच ठरवलेले असावे.

स्तनाच्या कर्करोगात घड्याळाला आणखी महत्त्व येते. कोणते औषध लागू पडेल हे ठरवणाऱ्या हार्मोन आणि हर-टू तपासण्यांसाठी नमुना काढल्यापासून एका तासात फॉर्मालिनमध्ये जावा आणि ६ ते ७२ तास त्यात राहावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक निकष आहेत. म्हणूनच फॉर्मवर नमुना काढल्याची वेळ आणि फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ, अशा दोन्ही वेळा लिहिणे अपेक्षित असते.

फॉर्मालिन कधी टाकायचे नाही?

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. फॉर्मालिन पेशी टिकवते, पण जंतू मारते. मानेतील गाठ क्षयरोगाची असल्याचा संशय असेल आणि संपूर्ण तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला, तर त्यातून क्षयाचे जंतू वाढवून पाहता येत नाहीत. कोणते औषध लागू पडेल, हे जंतू वाढवून तपासण्याची वाटही बंद होते. त्यामुळे अशा गाठीचे दोन भाग करतात : एक फॉर्मालिनमध्ये, दुसरा निर्जंतुक डबीत सलाइनमध्ये, सीबीनॅट आणि कल्चर तपासणीसाठी.

शस्त्रक्रिया सुरू असतानाच निदान हवे असेल, तर ‘फ्रोझन सेक्शन’ करतात. त्यात ताजा तुकडा उणे २० अंशांच्या आसपास गोठवून, काप घेऊन साधारण २० मिनिटांत प्राथमिक निष्कर्ष दिला जातो. तोही फॉर्मालिनशिवायच पाठवावा लागतो. मुतखडा कोरडा पाठवतात. डीएनए चाचणीसाठीचा नमुनाही फॉर्मालिनमध्ये ठेवत नाहीत, कारण त्याने डीएनएची मोडतोड होते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात गर्भपातानंतरचा नमुना न्यायालयात पुरावा ठरू शकतो. तिथे डबीतले द्रावण चुकले, तर पुरावाच हातचा जातो.

सलाइन, पाणी आणि फॉर्मालिन ही तिन्ही दिसायला सारखीच, पाण्यासारखी. त्यामुळे द्रावणाच्या प्रत्येक बाटलीवर नाव हवे आणि नमुन्याच्या प्रत्येक डबीवर आत काय आहे ते लिहिलेले हवे.

लेबलवर काय हवे?

किमान चार ओळी. रुग्णाचे पूर्ण नाव, वय आणि लिंग. रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक. नमुना कोणता, कोणत्या बाजूचा. तारीख, वेळ आणि द्रावणाचे नाव. एकाहून जास्त डब्या असतील तर ‘३ पैकी १’ असा क्रमांक.

खाटेचा क्रमांक ओळख म्हणून चालत नाही, कारण खाट बदलते. नुसते नावही पुरत नाही. एकाच वॉर्डात एकाच नावाच्या दोन महिला असणे आपल्याकडे नवे नाही. त्यामुळे नाव आणि नोंदणी क्रमांक अशा दोन खुणा नेहमी एकत्र हव्यात.

लेबल झाकणावर नव्हे, डबीच्या अंगावर लावायचे. प्रयोगशाळेत एका वेळी अनेक डब्यांची झाकणे उघडतात. झाकणे बदलली की नावेही बदलतात. साध्या पेनाची शाई ओल्या हातांनी आणि द्रावणाने पसरते, म्हणून न पुसणारा मार्कर किंवा छापील लेबल लागते. शस्त्रक्रियेआधीच रिकाम्या डब्यांवर नावे लिहून ठेवणेही धोक्याचे. एखादी शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली की तीच डबी दुसऱ्यासाठी वापरली जाण्याची शक्यता असते.

डबीसोबतचा फॉर्म तितकाच महत्त्वाचा. आपल्या उदाहरणातील महिलेची शेवटची पाळी कधी आली, हार्मोनच्या गोळ्या सुरू होत्या का, सोनोग्राफीत काय दिसले, हे पॅथॉलॉजिस्टला कळायला हवे. गर्भाशयाचे अस्तर पाळीच्या दिवसानुसार बदलते. ती माहिती नसेल, तर काचेवर दिसणाऱ्या पेशींचा अर्थ लावणे अवघड होते.

कर्करोगाच्या गाठीत दिशेची खूणही करतात. स्तनाच्या गाठीला आखूड टाका वरच्या बाजूला आणि लांब टाका बाहेरच्या बाजूला, ही रूढ पद्धत. गाठीच्या कडेला कर्करोगाच्या पेशी सापडल्या, तर नेमक्या कोणत्या बाजूला पुन्हा शस्त्रक्रिया करायची हे त्या दोन टाक्यांवरून कळते. टाकाच नसेल, तर सर्जनला पुन्हा अंदाजाने शोधावे लागते.

चुका किती होतात?

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २१,३५१ नमुन्यांपैकी ९१ मध्ये ओळखीची चूक आढळली, म्हणजे दर हजारी ४.३. त्यातील १८ डब्यांवर लेबलच नव्हते. १६ डब्या रिकाम्या होत्या. १६ मध्ये डावी-उजवी बाजू चुकली होती. १४ वर अवयवाची जागा चुकीची होती. ११ डब्यांवर दुसऱ्याच रुग्णाचे नाव होते. ९ वर रुग्णाचे नाव नव्हते आणि ७ वर नमुना कुठला ते लिहिलेले नव्हते.

यातील एकही चूक अवघड शस्त्रक्रियेची नाही. सगळ्या चुका लिहिण्याच्या, वाचण्याच्या आणि खात्री न करण्याच्या आहेत.

अशा चुकीची किंमत किती मोठी असू शकते, हे २००२ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात दिसले. दोन महिलांच्या तपासणीच्या कागदांची अदलाबदल झाली आणि कर्करोग नसलेल्या महिलेचे दोन्ही स्तन काढले गेले. अशा अदलाबदलीत नुकसान दोघांचे होते. एकीवर नको ती शस्त्रक्रिया होते, दुसरीला कर्करोग असूनही ‘काही नाही’ असे सांगितले जाते.

परभणीसारख्या जिल्ह्यात प्रश्न वेगळा का?

मोठ्या शहरातील रुग्णालयात प्रयोगशाळा बहुधा त्याच इमारतीत असते. नमुना एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जातो. २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या, नऊ तालुक्यांच्या परभणी जिल्ह्यात शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावीही होतात, पण ऊती तपासणारी प्रयोगशाळा दूर असू शकते. नमुना परभणीला, सत्तरेक किलोमीटरवरच्या नांदेडला किंवा दोनशेच्या आसपास किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जातो.

तो कसा जातो? कधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन घेऊन जातो, कधी कुरिअरने, तर छोट्या गावांत अनेकदा नातेवाइकाच्या हातात पिशवी देऊन. एसटीच्या सीटखाली किंवा रेल्वेच्या रॅकवर ठेवलेल्या त्या पिशवीत घरातल्या माणसाच्या पुढच्या उपचारांची दिशा असते. प्रवास जितका लांब, हात जितके जास्त, तितकी चुकीची शक्यता वाढते. म्हणून प्रयोगशाळा दूर असलेल्या ठिकाणी नोंद अधिक काटेकोर हवी.

ऐनवेळी हाताशी येईल त्या अरुंद तोंडाच्या बाटलीत नमुना कोंबणे, हा आणखी एक घोळ. मऊ असताना तो आत जातो. फॉर्मालिनमध्ये कडक झाल्यावर बाहेर येत नाही. मग बाटली कापावी लागते किंवा नमुना फाटतो. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची प्लास्टिकची बरणी काही रुपयांत मिळते.

२०२३ मध्ये परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की विकृतिशास्त्र, म्हणजे पॅथॉलॉजी विभाग आलाच. त्यामुळे जिल्ह्यातील नमुने जिल्ह्यातच तपासले जाण्याचा मार्ग खुला होतो. पण प्रयोगशाळा जवळ आली, तरी थिएटरमधले लेबल चुकलेले असेल तर जवळचा अहवालही चुकीच्याच माणसाचा येईल.

बीडच्या प्रकरणाशी याचा काय संबंध?

शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे २०१९ मध्ये समोर आले. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढल्याचे आढळले, म्हणजे सुमारे १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतूनही कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. ‘पिशवी काढली’ हे वाक्य या गावांनाही नवे नाही.

शस्त्रक्रियेची गरज होती का, या प्रश्नाचे उत्तर वर्षभराने शोधायचे असेल, तर पुरावा काय उरतो? सोनोग्राफीचा कागद, डॉक्टरांची टिपणे आणि काढलेल्या गर्भाशयाचा तपासणी अहवाल. गर्भाशयात गाठी होत्या, भिंतीत सूज होती, कर्करोगपूर्व बदल होते की काहीच नव्हते, हे तो अहवाल सांगतो. अहवाल ‘सामान्य’ आला म्हणजे शस्त्रक्रिया अनावश्यकच होती, असा निष्कर्ष थेट काढता येत नाही. रचनेत दोष नसतानाही अतिरक्तस्राव होऊ शकतो. पण अहवालच नसेल, तर महिलेच्या बाजूने बोलणारा एक महत्त्वाचा साक्षीदार कमी होतो. डॉक्टरांचा निर्णय योग्य असेल, तर त्यांच्या बाजूने बोलणाराही तोच असतो.

अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर देखरेख समित्यांची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना या सूचना तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. देखरेख करायची तर हाती कागद लागतो आणि त्या कागदाची सुरुवात थिएटरमधल्या नोंदवहीपासून होते.

प्रयोगशाळेत पुढे काय होते?

डबी पोहोचली की आधी लेबल आणि फॉर्म जुळवतात. जुळले नाही, तर चांगली प्रयोगशाळा नमुना तसाच पुढे नेत नाही, रुग्णालयाला फोन करते. मग पॅथॉलॉजिस्ट नमुन्याचे माप, वजन आणि रंग नोंदवतात, महत्त्वाच्या भागांचे छोटे काप घेतात. ते काप मेणात बसवले जातात. हाच तो ‘ब्लॉक’. त्यातून केसाहूनही पातळ पापुद्रे कापून काचेवर घेतात आणि रंगवतात. ही ‘स्लाइड’. म्हणूनच अहवालाला काही दिवस लागतात. हाडाचा नमुना असेल तर आधी त्यातील कॅल्शियम काढावे लागते, त्यामुळे आणखी उशीर होतो.

ब्लॉक आणि स्लाइड अनेक वर्षे टिकतात. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या मानकानुसार ते किमान १० वर्षे जपायचे असतात, तर उरलेला ओला नमुना अंतिम अहवालानंतर दोन आठवडे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात गेलेल्या रुग्णांना ‘स्लाइड आणि ब्लॉक आणा’ असे सांगितले जाते, ते यासाठीच. तिथले तज्ज्ञ त्यावरून पुन्हा खात्री करतात. ब्लॉक कुठे आहे हे घरच्यांना माहीतच नसेल, तर उपचार सुरू होण्याआधी परत गावाकडे फेरी होते.

उरलेल्या अवयवाची विल्हेवाट जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार लागते. मानवी अवयव आणि ऊती पिवळ्या पिशवीत जातात आणि प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. बाहेर पाठवल्या जाणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीला बारकोड लावण्याची तरतूदही याच नियमांत आहे. फेकायच्या पिशवीला बारकोड आणि तपासायच्या डबीला हाताने लिहिलेली चिकटपट्टी, ही विसंगती अनेक ठिकाणी दिसते.

कागदपत्रांवर रुग्णाचा हक्क किती?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांत त्या द्यायच्या असतात. शस्त्रक्रियेच्या टिपणांत कोणता नमुना काढला आणि तो कुठे पाठवला हे नोंदवलेले असायला हवे. अहवाल हाती पडला की मूळ प्रत जपून ठेवावी, फोटो काढून मोबाइलमध्येही ठेवावा.

नातेवाइकांनी काय विचारावे, काय टाळावे?

• शस्त्रक्रियेआधी : ‘काढलेला भाग तपासायला पाठवणार का? कुठे? अहवाल कधी मिळेल?’ पाठवणार नसतील तर कारण विचारावे.

• डबी हातात दिली तर : नाव, वय, नोंदणी क्रमांक, अवयव आणि बाजू हे तिथेच मोठ्याने वाचावे. चूक दिसली तर स्वतः खोडू नये, सिस्टरकडून दुरुस्त करून घ्यावी.

• एकाहून जास्त डब्या असतील तर त्या मोजाव्यात आणि फॉर्मवरच्या आकड्याशी जुळवाव्यात.

• फॉर्म वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. डबीतून गळती झाली तरी कागद भिजू नये.

• डबी उभी ठेवावी, दुहेरी पिशवीत. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवून जाऊ नये. घरच्या फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नये. गोठल्याने पेशी फाटतात.

• ‘वास येतो’ किंवा ‘पाणी सांडते’ म्हणून आतले द्रावण ओतू नये, पाणी मिसळू नये, झाकण उघडून पाहू नये. फॉर्माल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. हाताला लागल्यास भरपूर पाण्याने धुवावे, मुलांपासून दूर ठेवावे.

• प्रयोगशाळेत नमुना दिल्याची पावती घ्यावी. तीवर तारीख, वेळ आणि प्रयोगशाळेचा क्रमांक असावा. पुढे ब्लॉक आणि स्लाइड मागताना हाच क्रमांक लागतो.

• अहवाल आल्यावर पहिले काम : नाव, वय, अवयव आणि बाजू आपल्याच रुग्णाची आहे ना ते पाहणे. मग अहवाल घेऊन सर्जनकडे जाणे. टाके निघाले म्हणून अहवाल न घेताच घरी बसणे, ही नेहमी घडणारी आणि टाळता येणारी चूक आहे.

मग उपाय खर्चिक आहे का?

थिएटरच्या भिंतीवर नमुन्यांचा एक तक्ता, रुंद तोंडाच्या बरण्या, न पुसणारा मार्कर, पाच-सहा रकान्यांची नोंदवही आणि रुग्ण टेबलावरून हलण्याआधी लेबल मोठ्याने वाचण्याची सवय. नोंदवहीत नमुना कोणी दिला, कोणी घेतला, कधी गेला आणि अहवाल कधी आला, यासमोर सह्या. अहवालाचा रकाना रिकामा राहिलेली ओळ दर आठवड्याला कुणीतरी तपासली, तरी वाटेत हरवलेला नमुना वेळेत लक्षात येतो. ग्रामीण रुग्णालयालाही हे परवडते.

पालमच्या त्या काल्पनिक महिलेकडे परत येऊ. तिच्या डबीवर नाव बरोबर होते, द्रावण पुरेसे होते, फॉर्म भरलेला होता आणि मुलाने प्रयोगशाळेची पावती जपून ठेवली. दहा दिवसांनी तिच्या हातात जो कागद पडेल, त्यात आजार असेल किंवा नसेल. पण तो कागद तिचाच असेल. पुढचा प्रत्येक उपचार त्या खात्रीवर उभा राहतो.